थोरली, धाकटी आणि लाकडाची खालची बाजू

कुठल्याही लाकडी वस्तूची खालची बाजू तिच्या वरच्या बाजूपेक्षा अधिक देखणी असते, असं मनापासून मानणारा जगात एकच माणूस असावा, आणि तो माझ्या आत्याचा थोरला दीर आहे. माणसं कुणाच्या घरी गेली की पडदे बघतात, भिंतीवरचे फोटो बघतात, टीव्ही किती मोठा आहे ते डोळ्यांनी मोजतात. आत्याचे दीर चपला काढतात, "बरं आहे ना सगळं?" असं विचारतात आणि उत्तर यायच्या आत गुडघे टेकून टीपॉयखाली वाकतात. माझ्या चुलतभावाचं लग्न गिरगावातल्या एका जुन्या हॉलमध्ये होतं. नवरा-नवरी उभी राहायच्या आधी हे पुढे झाले आणि त्यांनी दोन्ही पाट उलटे करून नीट पाहिले. गुरुजींना वाटलं, मुलाकडची काही रीत असेल, म्हणून ते हातातल्या अक्षता तशाच धरून थांबले. आपण कमी पडायला नको म्हणून मग मुलीच्या मामांनीही पुढे येऊन पाट उलटे केले, गंभीरपणे पाहिले आणि मान हलवली. त्यांनी काय पाहिलं हे त्यांनाही ठाऊक नसणार. आत्याचे दीर मात्र परत येऊन माझ्या शेजारी बसले आणि हळूच म्हणाले, "काही नाही. पॉलिश मारलंय. हल्ली लोक लाकडाला श्वाससुद्धा घेऊ देत नाहीत."

आत्याच्या दिरांना काय म्हणायचं, हे मला लहानपणी कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या शाळेत वडिलांच्या वयाच्या सगळ्या पुरुषांना अंकल म्हणायची पद्धत होती, तसं मी यांनाही एकदा म्हटलं. ते म्हणाले, "अंकल म्हणजे नुसतं 'झाड' म्हटल्यासारखं झालं. कुठलं झाड?" तेव्हापासून मी त्यांना काका म्हणते. तेही त्यांना फारसं अचूक वाटत नाही, पण चालवून घेतात.

काकांनी सगळी नोकरी दक्षिण मुंबईतल्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून केली. मुलांसाठी कांद्याचे पापुद्रे काढून ठेवायचे, काचपट्ट्या धुवायच्या, मायक्रोस्कोप पुसायचे, हे त्यांचं काम. त्यांचं प्रेम मात्र एका अशा बुरशीवर जडलं की जी बुरशी आहे हेसुद्धा लोकांना पटवून द्यावं लागतं. तिला छत्री नसते, देठ नसतो. मेलेल्या फांदीच्या पोटाशी किंवा ओल्या फळीच्या मागे कुणीतरी चुन्याचा पातळ हात मारावा, तशी ती पसरते आणि खाली लाकूड खात बसते. महिन्यांनी पाहिलं तर लाकूड पांढरं आणि पिंजलेलं झालेलं असतं, नख लावलं तरी धागे सुटतात. "मिरवत नाही ती," काका म्हणायचे. "गुपचूप काम करते. ती नसती ना, तर जगातली सगळी मेलेली झाडं अजून आपल्या अंगावर पडलेली असती."

या प्रेमापायी त्यांनी मुंबई वेगळ्याच नजरेने पाहिली. दादरच्या एका बागेत ते बाकाखाली उताणे झोपलेले हवालदाराला सापडले. "काय हरवलं काय, आजोबा?" हवालदाराने विचारलं. "नाही. सापडलंय," काका खालूनच म्हणाले. "काय सापडलंय?" "सांगितलं तर तुम्ही बाक बदलायला लावाल." लालबागच्या एका गणेश मंडळात मंडपाच्या जुन्या फळ्या वर्षभर गोडाऊनमध्ये पडून असतात. त्या बाहेर काढल्या की काकांना निरोप जायचा. काका फळीन् फळी उलटी करून भिंग लावून बघायचे, म्हणून कार्यकर्त्यांची समजूत होती की हे महापालिकेचे कुणीतरी आहेत. त्यामुळे त्यांना दरवर्षी दुप्पट प्रसाद मिळायचा. काकांनी ती समजूत दूर केली नाही. एवढा एकच खोटेपणा त्यांच्या नावावर आहे.

त्यांची परळची जुनी इमारत पाडून तिथे टॉवर झाला आणि काका आणि आत्या सतराव्या मजल्यावर समोरासमोर राहायला गेले. वास्तुशांतीला सगळे पाहुणे खाडीकडचा देखावा बघून आनंदाने बोलत होते. काका मात्र एकेका खोलीतून फिरून आले. सगळीकडे ग्रॅनाइट, ॲल्युमिनियम आणि काच. शेवटी ते सोफ्यावर बसले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "या घरात कुजायला काहीसुद्धा नाही." काकू तेव्हा होत्या. त्या हातातला प्रसादाचा द्रोण खाली न ठेवता म्हणाल्या, "आहे की. तुमचा तो कचरा आणलाय ना बरोबर."

तो कचरा म्हणजे काकांचा संग्रह. लाकडाचे तीनचारशे तुकडे असतील, प्रत्येक तुकडा एका पाकिटात, आणि पाकिटं लग्नपत्रिकांची. आलेली पत्रिका काका वाचायच्या आधी बोटांत धरून तिची जाडी बघतात. मग कार्य पार पडलं की कात्रीने कापून, घडी घालून तिचं पाकीट करतात. त्यामुळे त्यांच्या कपाटातल्या कुठल्याही पाकिटावर एका बाजूला "आमचे येथे श्रीकृपेकरून" असतं आणि दुसऱ्या बाजूला "आंब्याची वाळकी फांदी, वरळी, खालची बाजू". आमच्या घराण्यातली तीन पिढ्यांची लग्नं त्या कपाटात बुरशीला गुंडाळून ठेवलेली आहेत. माझ्या आईवडिलांच्या पत्रिकेत भेंडीच्या झाडाची साल आहे. काकूंनी याला कधी नाव ठेवलं नाही, पण त्या प्रकाराला त्या 'कचरा' याशिवाय दुसरं काही म्हणतही नसत. त्या घरी ब्लाउज शिवायच्या. त्यांचं शिवणयंत्र आणि काकांचा कॉलेजने मोडीत काढलेला मायक्रोस्कोप एकाच टेबलावर, पाठीला पाठ लावून बसलेले असायचे, आणि चिंध्या तिकडे गेल्या किंवा भुसा इकडे आला की दोघांची हद्दीवरून बोलाचाली व्हायची.

या सगळ्या संग्रहात काकांचा जीव दोघींत होता. त्यांची लॅटिन नावं त्यांनी मला तीनदा सांगितली आणि मी तीनदा विसरले, तेव्हा ते म्हणाले, जाऊ दे, एकीला थोरली म्हण आणि दुसरीला धाकटी. दोघी सख्ख्या बहिणींसारख्या. दोघींचा रंग साईसारखा, दोघी मेलेल्या लाकडाच्या खालच्या बाजूलाच राहणार, दोघी लाकूड पांढरं करणार. फरक इतकाच की थोरली गुळगुळीत आणि धाकटीच्या अंगावर बारीक भेगा. एवढ्यावर कुणी दोन जाती मानल्या नसत्या. पण काकांकडे एक पुरावा होता. अशा बुरशीवर पोटॅशच्या द्रावणाचा एक थेंब टाकून रंग बदलतो का, हे बघायची रीत आहे. थोरलीवर थेंब टाकला तर काही होत नाही. धाकटीवर टाकला की ती लालभडक होते. निदान एक धाकटी तरी झाली होती: काकांनी तरुणपणी शिवडीच्या बंदरावरून, एका मोडक्या गोदामाच्या दाराखालून काढलेली फळीची ढलपी. तळहाताएवढा तो तुकडा त्यांनी एका छोट्या सागवानी पेटीत ठेवला होता, आणि त्या पेटीला घरात कुणी हात लावायचा नाही असा नियम होता.

काका माणसांचीही याच दोन जातींत वाटणी करायचे. आत्या धाकटी. "जरा काही अंगावर पडलं की लाल." मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाले, "तू थोरली. वरून गुळगुळीत. थेंब टाकला तरी कळायचं नाही आत काय चाललंय."

धाकटी वेगळी जात आहे, हे न मानणारे एकच गृहस्थ होते आणि ते दुर्दैवाने काकांचे एकुलते एक मित्र होते. काका ज्यांच्या हाताखाली काम करायचे ते प्राध्यापक, निवृत्त होऊन दादरला राहणारे. आम्ही त्यांना दादरचे सर म्हणतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी काका सरांकडे जायचे. पहिल्या कपाला तब्येतीची चौकशी, दुसऱ्या कपाला धाकटी. सर म्हणायचे, "अहो, तुमची धाकटी म्हणजे वाळून तडकलेली थोरलीच." काका म्हणायचे, "मग लाल का होते?" सर म्हणायचे, "एकच तुकडा लाल होतो. नंतर तुम्ही दहा तुकडे आणलेत, एक तरी झाला?" यावर काकांकडे निरनिराळी उत्तरं असत. तुकडा कोवळा होता. तुकडा जून होता. एकदा तर ते म्हणाले, "मुंबईची हवा पूर्वीची राहिली नाही, सर." सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांच्या पाठीवरून हात फिरवत काका म्हणत राहिले, "हसा, हसा. पण ती वेगळी आहे."

या गोष्टीत मी कशी आले, तर काकूंच्या जाण्यानंतर. त्या गेल्या आणि दोन वर्षांत काकांच्या डोळ्यांचे पडदे खराब झाले. समोर बघितलं की मधोमध धुकं आणि फक्त कडेला थोडं दिसतं. मायक्रोस्कोपमधून तर काहीच नाही. आत्याने मला फोन केला. "शनिवारी येत जा. भावजींना डोळे हवेत." मी म्हटलं, मला बुरशीतलं काही कळत नाही आणि मला बोलायला सुचत नाही. आत्या म्हणाली, "म्हणून तर तू. बोलायचं काम ते करतात." मी गिरगावात राहते, ऑफिसचं काम घरून करते, आणि एखाद्या आठवड्यात भाजीवाल्याशी सोडून कुणाशी बोलले नाही तरी मला ते लक्षात येत नाही. मी जायला लागले.

काकांची शिकवण्याची पद्धत एका वाक्याची होती. मी भिंगाला डोळा लावला की ते बाजूला खुर्ची ओढून बसायचे आणि म्हणायचे, "काय दिसतं ते सांग. काय वाटतं ते नंतर." आणि मराठीत सांगायचं. मी पहिल्या दिवशी इंग्रजीत सुरुवात केली तर त्यांनी हात वर केला. "इंग्रजीत तू लगेच हुशार होतेस. मला हुशारी नको. बघून सांग." माझ्याकडे शब्दच नव्हते. मग ते एकेक शब्द पुढे करायचे. पापुद्रा की खपली? भेग की सुरकुती? कड चिकटलेली आहे की सुटलेली? लव आहे की फणी? माझ्या भाषेतले निम्मे शब्द मी कुजलेल्या लाकडावरून शिकले आहे. जन्मात कुणी माझं बोलणं इतक्या लक्षपूर्वक ऐकलं नव्हतं. मी "पांढरं आहे" म्हटलं तर ते विचारायचे, "कशासारखं?" आणि उत्तर सापडेपर्यंत, कितीही वेळ लागला तरी, गप्प बसून राहायचे. 'वाटतं'ची पाळी मात्र कधी आली नाही. ते नंतर नंतरच राहिलं.

गेल्या वर्षी सरांनी ठरवलं की मुलीकडे बंगळुरूला कायमचं राहायला जायचं. जाण्याआधी दोघांचा संग्रह कॉलेजच्या छोट्या संग्रहालयाला द्यायचा, असं त्यांनी काकांना सुचवलं. लेबलं सर लिहिणार होते. प्रश्न एकच उरला, थोरली आणि धाकटीला लेबल एक की दोन? सर फोनवर म्हणाले, "शेवटचं एकदा तपासा. दसऱ्याला घेऊन या. तुमची ती शनिवारची मुलगी जे सांगेल ते मी मान्य करतो. ती खोटं बोलायची नाही. ती मुळात बोलतच नाही." काकांनी फोन ठेवला. मग म्हणाले, "एकदा काचेच्या कपाटात दुसरं लेबल लागलं ना, की झालं. मग माझे डोळे पूर्ण गेले तरी चालतील." ते हे अगदी साधेपणाने म्हणाले, भाजी आणली का विचारावं तसं. त्यामुळे मला ते जास्त लागलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी परळला गेले. खंडेनवमी होती. घरातल्या हत्यारा-अवजारांची पूजा करायचा दिवस. आत्याने तिचा मिक्सर, सुरी, काकूंचं शिवणयंत्र, काकांचा मायक्रोस्कोप आणि मी पिशवीतून काढून ठेवलेला माझा लॅपटॉप, सगळ्यांना न विचारता हळदकुंकू लावून टाकलं होतं. काकांनी सागवानी पेटी उघडली, ढलपी माझ्या हातात दिली. मी एका कडेला पाहिलं, मग मधोमध पोटॅशचा थेंब टाकला. तो पसरला, आणि खाली लाल रंग उमटला. मी म्हटलं, "लाल." काकांनी विचारलं, "कशासारखा?" मी म्हटलं, "विडा खाल्लेल्या जिभेसारखा." ते उठले, दोनदा टेबलापासून दारापर्यंत जाऊन आले आणि आत्याला हाक मारून म्हणाले, "आज गोड काय आहे गो?"

मग मी लॅपटॉप पुसला. ओल्या फडक्याची हळद माझ्या पांढऱ्या कुर्त्याच्या बाहीला लागली, म्हणून स्वयंपाकघरात बेसिनपाशी जाऊन साबण लावला. पिवळा डाग बघता बघता लाल झाला. मी घाबरून आत्याला दाखवला.

"अगो, साबण लागला की हळद लाल होते," आत्या पुरी लाटताना मान वर न करता म्हणाली. "साबण काय, सोडा काय, चुना काय. कुंकू नाही का पूर्वी तसंच करायचे? कॉन्व्हेंटात शिकवलं काय तुला?"

मी नळ बंद केला. पोटॅश म्हणजे तर साबणाचाही बाप. मी परत जाऊन ढलपी भिंगाखाली घेतली. लाल रंग एका लहान गोलातच होता. बोट टेकवावं एवढ्या. त्या गोलाबाहेर थेंब ओघळला होता तिथे बुरशी जशीच्या तशी साईच्या रंगाची. भेगांमध्ये, जिथे पोटॅश पोचलं नव्हतं, तिथे पिवळे कण अडकले होते. मी काकांची जुनी वही काढली. शिवडीचा तुकडा आणल्याची नोंद श्रावणातली होती. तेव्हा लिहिलं होतं, 'पोटॅश चाचणी राहिली, कॉलेजात नवीन बाटली आल्यावर.' लाल रंगाची नोंद दिवाळीच्या सुट्टीनंतरची. मध्ये तो तुकडा घरी, त्या टेबलावर होता. मध्ये एक खंडेनवमी येऊन गेली होती.

"काका," मी विचारलं, "काकू मायक्रोस्कोपला हळदकुंकू लावायच्या?"

"मायक्रोस्कोपला लावायची. यंत्र आहे म्हणून. माझ्या लाकडांना नाही. एकदा कुंकू माझ्या काचपट्टीवर सांडलं तर मी केवढा ओरडलो होतो. नव्या लग्नातली गोष्ट. तेव्हापासून तिने त्या बाजूला बघितलंसुद्धा नाही. कचरा म्हणायची, तुला माहीत आहे." आणि ते आनंदात सरांना फोन लावायला उठले. ढलपी परत ठेवताना माझ्या हातातली पेटी जरा तिरकी झाली, आणि मी तिची खालची बाजू पाहिली. मग पेटी जागेवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टॅक्सीने दादरला गेलो. फुलांच्या गर्दीमुळे टॅक्सीने अलीकडेच सोडलं. काका दमले म्हणून सरांच्या गल्लीच्या तोंडाशी एका बाकावर बसलो. त्यांनी सवयीने बाकाखाली हात घालून पाहिला. मांडीवर पिशवी, पिशवीत पेटी. मी विचार करून ठेवलेली वाक्यं सगळी इंग्रजीत होती आणि ती मला वापरता येत नव्हती. शेवटी मी म्हटलं, "काका, काल मी सगळं सांगितलं नाही."

"काय दिसलं?"

"लाल रंग बोटाएवढ्या गोलातच आहे. बाहेर नाही. भेगांत पिवळे कण आहेत. ते बुरशीचे नाहीत. हळदीचे आहेत."

रस्त्यापलीकडे झेंडूची पोती उतरत होती. काकांनी विचारलं, "आणि कुंकू?"

"कुंकू नाही. फक्त हळद."

"हळद या रंगावर दिसत नाही," ते म्हणाले. मग पिशवीवर हात ठेवून, "कुंकू दिसलं असतं मला." आणि मान हलवून म्हणाले, "छे. चुकून लागली असेल. फोडणीचा हात असेल. ती कशाला लावते या कचऱ्याला."

सरांच्या टेबलावर आपट्याची पानं होती आणि शेजारी दोन लेबलं. काळ्या शाईत, सरांच्या मोत्यासारख्या अक्षरात, दोन वेगळी लॅटिन नावं. सर आमची वाट न बघताच हरायची तयारी करून बसले होते. काकांनी सोनं दिलं, पाया पडले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सर, एकच लेबल लावा."

"म्हणजे काय?" सर म्हणाले.

"एकच जात आहे. तुमचं बरोबर."

"असं कसं बरोबर?" सरांचा आवाज चढला. "मी दोन लिहून बसलोय. काल फोनवर लाल झाली म्हणालात ना? भांडा की मग. इतकी वर्षं भांडलात आणि आज दसऱ्याच्या दिवशी मला बरोबर म्हणता?"

"हळद होती, सर. आमच्या घरातली. चुकून लागलेली."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. जिंकल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर कुठेच दिसेना. तेव्हा मी, कुणी काही विचारलेलं नसताना, बोलले. माझ्या आयुष्यात हे फार वेळा झालेलं नाही. मी म्हटलं, "चुकून नाही. सर, पेटी उलटी करा."

सरांनी पेटी उलटी केली आणि उजेडात धरली. पेटीच्या तळाला, मधोमध, हळदकुंकवाची बोटं होती. एकावर एक, इतकी की त्यांचा एक जाड थर झाला होता. ज्या वर्षी लाल रंगाचा शोध लागला आणि तुकडा पेटीत बंद झाला, त्याच्या पुढच्या वर्षापासून काकू गेल्या तोवरची दर खंडेनवमी तिथे होती. वर लावलं असतं तर काका ओरडले असते.

"अहो," सर म्हणाले, "आयुष्यभर लोकांची टेबलं उलटी करत आलात." पेटी काकांच्या मांडीवर तशीच उलटी ठेवली.

काकांनी बोट फिरवलं. डोळे त्यांनी मिटून घेतले होते. त्यांच्या तोंडून हळूहळू शब्द यायला लागले, मला शिकवलेलेच. "कडेला पातळ. सुटलेली. मधे जाड. पापुद्र्यावर पापुद्रा. बारीक भेगा आहेत." मग ते माझ्याकडे वळले. "बरोबर?"

"बरोबर."

"हे दिसतं ते झालं," ते म्हणाले. "आता काय वाटतं ते सांग."

मी कितीतरी शनिवार या प्रश्नाची वाट पाहिली होती. मी माझं बोट त्या थराच्या वरच्या, सगळ्यांत नव्या ठशाजवळ नेलं. "काकूंचं बोट माझ्यापेक्षा बारीक होतं," मी म्हटलं, "असं वाटतं."

"होतं," काका म्हणाले. "शिवताना बोटात टोपी घालायची ना, ती माझ्या करंगळीतसुद्धा जायची नाही."

संग्रहालयात आता एकच लेबल आहे. दुसरं सरांनी फाडलं नाही. तेही काकांना देऊन टाकलं, आणि म्हणाले, विज्ञानात नाही बसत, घरात लावा. ते पेटीवर चिकटवलेलं आहे, आणि पेटी शिवणयंत्राच्या बाजूला असते. सर बंगळुरूहून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फोन करतात. दोन कप चहाएवढा वेळ बोलतात, पण काका सांगतात की पूर्वीची मजा नाही, सर हल्ली फार लवकर हो म्हणतात.

यंदाच्या खंडेनवमीला आत्याने हळदकुंकवाची वाटी माझ्या हातात दिली. मी मायक्रोस्कोपला लावलं, शिवणयंत्राला लावलं आणि पेटी उचलली. काकांना आता कडेचंही फारसं दिसत नाही, पण पेटी हलल्याचा आवाज त्यांना बरोबर कळतो.

"वरच लाव गो बाय," ते म्हणाले. "आता कोण ओरडतंय."

मी पेटी उलटी केली आणि खालीच लावलं.